गवसणी

ईएनटी डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा आत सोडला आणि समोरच्या स्क्रीनवर मला माझे स्वरतंतू दिसले. पांढरट, ओलसर, दोन पट्ट्या, मिटल्या की एकमेकींना टेकायला हव्यात अशा. त्या टेकत नव्हत्या. दोघींच्या कडेवर अगदी समोरासमोर तांदळाच्या कणीएवढी एकेक गाठ आली होती, त्या गाठीच आधी एकमेकींना भिडायच्या आणि पुढेमागे फट राहायची, त्या फटीतून हवा निसटायची, आणि गेले तीन महिने तार सप्तकात गेलं की माझ्या आवाजात जी खरखर येत होती ती ही. "कुदळ मारून हाताला घट्टा पडतो ना, तसलंच आहे हे," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही जोर लावून गाताय."

सहा आठवडे गाणं पूर्ण बंद, बोलणं गरजेपुरतं, आणि कुजबुजायचंही नाही, कारण कुजबुजतानाही तंतूंवर ताण येतोच. गाण्यातल्या विशारद प्रथमच्या परीक्षेला तेव्हा बरोबर सात आठवडे उरले होते.

खाली येऊन गाडीत बसले आणि रडले. आवाज जाईल म्हणून नाही, परीक्षा जाईल म्हणून. हे लिहिताना आज मलाच कसंतरी होतंय, पण झालं ते असंच झालं.

गाणं मी ३८ व्या वर्षी सुरू केलं. आमच्या घरी पेटी होती, आईला गाणं शिकायचं होतं, लग्न झालं, आम्ही झालो, आजी आजारी पडली, राहून गेलं. पेटीवर इस्त्रीचे कपडे ठेवलेले असायचे. माझं तसं राहून जाऊ नये ही एकच गोष्ट डोक्यात घेऊन मी क्लासला गेले आणि मग ऑफिसात जशी कामं करते तशीच ही पण केली. प्रारंभिक, प्रवेशिकेच्या दोन, मध्यमेच्या दोन, पाच परीक्षा चार वर्षांत. लॅपटॉपवर एक्सेल शीट होती, त्यात राग, बडा ख्याल, छोटा ख्याल, किती आलाप बसले, किती ताना बसल्या, तानेची लय मेट्रोनोमवर कितीपर्यंत गेली, सगळं रंगांत. हिरवं म्हणजे झालं. पहाटे साडेपाचला उठून मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप लावायचं, चाळीस मिनिटं, मग डबे, मग कर्वे रोडचा ट्रॅफिक. कष्ट खरे होते, प्रेमही होतं, ते नाकारत नाही. पण त्या चार वर्षांत मी यमन शेकडो वेळा गायले असेन आणि त्यातला एकही यमन मला आठवत नाही. मार्क आठवतात.

गाण्याच्या बाईंना व्हॉट्सअॅप केला, सहा आठवडे येणार नाही, डॉक्टरांनी असं असं सांगितलंय. बाई ७४ वर्षांच्या आहेत, सदाशिव पेठेत राहतात, टाइप करत बसत नाहीत. लगेच फोन आला. "तू बोलू नकोस, नुसतं ऐक. गळा बंद आहे ना? कान आहेत की. उद्या नेहमीच्या वेळेला ये."

गेले. चार वर्षं मी जेव्हा जेव्हा त्या खोलीत गेले तेव्हा तंबोरा लावून तयार असायचा, बाईंच्या मांडीशी. त्या दिवशी तो कोपऱ्यात भिंतीला टेकून, खोळीत होता. जाड खादीची, आतून कापूस भरलेली, निळी विटकी खोळ, गळ्यापाशी नाडी. "गवसणी काढ आणि लाव," बाई म्हणाल्या आणि आत भाजी निवडायला गेल्या.

गवसणी. हा शब्द मी शाळेत असल्यापासून लिहीत आलेय, आकाशाला गवसणी घालणे, वाक्यात उपयोग करा, महत्त्वाकांक्षेवरचा एकही निबंध त्याच्याशिवाय पूर्ण झाला नसेल, दहावीनंतरच्या प्रत्येक सत्कारात कुणीतरी म्हणतंच. आणि गवसणी म्हणजे वाद्याची खोळ, हे मला त्या दिवशी नाडी सोडताना पहिल्यांदा हाताला कळलं. आकाशाला खोळ घालायची म्हणजे काय करायचं, हा विचार तेव्हा मनात आला तो अजून गेलेला नाही.

तंबोरा लावता येत नव्हता मला. पाच परीक्षा पास, आणि चार तारा जुळवता येत नव्हत्या. ॲपमध्ये काळी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर, निवडला की झालं, इतकंच माहीत होतं. बाईंनी पहिल्या दिवशी फक्त मधल्या दोन तारा दिल्या, जोडीच्या, दोन्ही षड्जाच्या, म्हणजे सा च्या. एक त्यांनी पेटीवर लावून दिली, म्हणाल्या, दुसरी तिला मिळव. खुंटी लाकडाची, पावसाळ्यात फुगते, थंडीत घसरते, जरा फिरवली तर खूप फिरते. तार चढायची ती चढूनच जायची, मग उतरवायची, मग ती खालीच जायची.

पण दोन तारा जवळ आल्या की काय होतं ते मी त्याआधी कधी ऐकलंच नव्हतं. दोन्ही एकदम छेडल्या की आवाजाला हेलकावे येतात, वॉंव वॉंव वॉंव, पाळणा हलावा तसे. काळी चारचा षड्ज म्हणजे सेकंदाला साधारण २०८ कंपनं. एक तार २०८ वर आणि दुसरी २०५ वर असेल तर सेकंदाला तीन हेलकावे येतात, २०७ वर आली तर एकच, आणखी जवळ आली की दोन सेकंदांत एक, पाच सेकंदांत एक, इतका लांब की तो आला की नाही तेच कळेना. इथे खुंटीला हात लावायचा नाही. घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तिच्या, खाली तारेत मणी ओवलेले असतात, तो मणी केसभर सरकवायचा. आणि मग एका क्षणी पाळणा थांबतो. दोन तारा आहेत हे विसरायला होतं.

पहिल्या दिवशी मला त्यासाठी पन्नास मिनिटं लागली. बाई मध्ये एकदा डोकावल्या आणि "घाई आहे का कुठे जायची?" एवढंच विचारून गेल्या. घाई नव्हती. बोलायला बंदी, गायला बंदी, परीक्षा गेलेली. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा मला खरंच कुठे जायचं नव्हतं.

आता वाटेल की मी इथून शांत झाले, चांगली झाले. तसं अजिबात झालं नाही. दहाव्या-बाराव्या दिवशी चारही तारा लावता यायला लागल्या, पंचमाची, जोडीच्या दोन, आणि सगळ्यात खालच्या सा ची, म्हणजे खर्जाची, आणि माझ्या क्लासमधल्या एकीने मेसेज केला, मग तुला गंधार ऐकू येतो का? झालं. तंबोऱ्यात गंधाराची, म्हणजे ग या स्वराची, तार नसते. पंचम आणि षड्ज, बस. पण तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, कुणी न वाजवलेला, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो काही चमत्कार नाही, कुठल्याही तारेत मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे स्वरही बारीक वाजत असतात, त्यातला पाचपटीचा तो गंधार. पेटीतल्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला, आणि म्हणूनच इतका गोड. तर हा गंधार मला ऐकू येत नव्हता. आणि झालं, तो माझं नवं टार्गेट झाला. मोबाइलवर ट्यूनर लावला, काटा बघून तारा लावल्या, हेडफोन घालून यूट्यूबवर तो कसा असतो ते ऐकलं, पुन्हा तंबोऱ्याला कान लावून बसले, नाही. रात्री झोपताना तेच. एक्सेल शीट बंद केली होती पण ती उघडीच होती, नवीन रकाना पडला होता फक्त.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इच्छा सोडायची ठरवली की ती जात नाही, ती शांत व्हायची इच्छा होऊन परत येते. त्याआधीच्या वर्षी मी मेडिटेशनचं एक ॲप वापरत होते, त्यात सलग किती दिवस बसलो ते दिसायचं, माझे ४३ दिवस झाले होते आणि ४४ व्या दिवशी प्रवासात राहिलं तर मला दिवसभर चिडचिड झाली. श्वासाकडे बघायला शिकवणाऱ्या गोष्टीवरून चिडचिड. माझ्या आजूबाजूला मी हे खूप बघते, पहाटेचं चालणं घड्याळातल्या पावलांसाठी, सुट्टीचा ट्रेक पाहिलेल्या किल्ल्यांच्या यादीसाठी, वारीसुद्धा एक दिवसाचा टप्पा करून फोटोपुरती. कुणाला नावं ठेवायला लिहीत नाही. मी त्यातलीच आहे आणि ते आतून कसं असतं, किती दमवतं, ते मला माहितेय.

बुद्धाच्या भिक्खूंमध्ये एक सोण नावाचा होता. इतक्या हट्टाने साधना करायचा की येरझाऱ्या घालून घालून पाय रक्ताळले, तरी काही हाती लागेना, तेव्हा घरी परत जावं असं त्याच्या मनात आलं. बुद्धाने त्याला विचारलं, तू आधी वीणा वाजवायचास ना, तारा फार ताणल्या तर सूर निघायचा का? फार ढिल्या असल्या तर? ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे, मध्यममार्ग म्हणून सांगतात. पण खुंटी हातात घेऊन बसल्यावर माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. जास्त आणि कमी याच्या मधली जागा मोजून सापडत नाही, प्रत्येक वेळी ऐकूनच सापडते, आणि काल सापडली म्हणून आज तिथेच असते असं नाही. हवा बदलली की तार हलते. सोण वीणा वाजवणारा होता म्हणून त्याला हे सांगून भागलं, हाताला ते आधीच ठाऊक होतं.

चौथ्या आठवड्यात बाई तंबोरा ऐकून म्हणाल्या, "जवारी गेलीय गं ह्याची. तुझा दोष नाही. मिरजेला घेऊन जा."

जवारी म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा. तो सपाट नसतो, अगदी पुसट गोलाई असते त्याला, तार कंप पावताना त्या गोलाईला निसटती घासत राहते आणि मधमाश्या गुणगुणाव्यात तसा तो झंकार निघतो. तारेखाली दोरा घालतात, साधा सुती दोरा, तो कणभर पुढेमागे केला की आवाज फुलतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलंय, नोबेल मिळायच्या नऊ वर्षं आधी. साध्या तारेचा नियम असा की तार जिथे छेडाल तिथे ज्या वरच्या स्वराचा स्थिर बिंदू असेल तो स्वर वाजता कामा नये. आपल्या तंबोऱ्यात आणि वीणेत तोही वाजतो, आणि त्याचं कारण ही घोडीची गोलाई, हे त्यांनी दाखवलं. वर्षानुवर्षं तार घासून त्या माथ्यावर खाचा पडतात आणि झंकार विझतो. मग घोडी पुन्हा घासून घ्यावी लागते.

तर कोयना एक्सप्रेसने मी आणि तंबोरा. गवसणीत, खिडकीपाशी, तान्ह्या बाळाला घेऊन बसावं तशी धरून. मिरजेत सतारमेकर गल्ली आहे, दीडशेहून जास्त वर्षं तिथे सतारी आणि तंबोरे बनतायत. तिथले मूळचे कारागीर शिकलगार, तलवारींना धार लावणारे, हत्यारांचा जमाना संपला तेव्हा वाद्यांकडे वळले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठाकडून येतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन मिळालं. त्या लहानशा दुकानात छताला भोपळे टांगलेले, खाली भुसा, आणि ज्यांच्याकडे बाईंनी पाठवलं होतं ते साठीतले कारागीर मांडी घालून बसलेले.

त्यांनी घोडी काढली, कानस घेतली, दोन हात फिरवले. हलकेच, खडूने रेघ ओढावी तसे. घोडी बसवली, तार चढवली, छेडली, डोळे मिटून ऐकलं. पुन्हा तार उतरवली. दोन हात. पुन्हा चढवली. मी बघत होते, दर वेळी ते जितकं घासायचे त्याच्या कितीतरी पट वेळ ऐकायचे. तासभर झाला, दीड झाला, मी घड्याळ बघून विचारलं, किती वेळ लागेल, मला परतीची गाडी आहे. त्यांनी वर बघितलं, जराही न चिडता म्हणाले, "लागली की देतो की, ताई." आणि पुन्हा खाली बघितलं.

मी तेवढ्या वेळात दर्ग्यापर्यंत जाऊन आले. किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर तिथे आहे. खाँसाहेब स्वतः वाद्यं दुरुस्त करायचे, तंबोरा लावण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं असं जुनी माणसं सांगत. १९३७ साली ते दक्षिणेत पाँडिचेरीला निघाले होते, वाटेत छातीत दुखायला लागलं म्हणून सिंगापेरुमल कोईल नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरले, आणि सांगतात ते असं की त्यांनी तिथे फलाटावरच तंबोरा लावायला सांगितला, दरबारी रागाच्या सुरांत प्रार्थना म्हटली आणि तिथेच गेले. पाँडिचेरी राहिलं. मी तिथे बराच वेळ उभी होते, मनात काही फार मोठं चाललं नव्हतं, फक्त ते स्टेशन डोळ्यांपुढे येत होतं, रात्र, गाडी, आणि त्या अवस्थेत तारा जुळेपर्यंत थांबणारा माणूस.

गाडी गेली. मी रात्र मिरजेत राहिले, दुसऱ्या दिवशी दुपारी तंबोरा मिळाला.

गंधार त्यानंतर आठवड्याने आला. बाईंच्या खोलीत, सकाळी, खाली गल्लीत भंगारवाला ओरडत होता. मी जोड ऐकत होते, गंधाराचा नाद मी खरंतर सोडला होता असंही म्हणणार नाही, दमले होते इतकंच. जोड मिळाली, दोरा जरासा सरकवला, बोट आडवं टाकून, तारेवरून नुसतं सरकू दिल्यासारखं, पंचम, सा, सा, खर्ज, पुन्हा पंचम. कितीतरी वेळ. आणि माझ्या लक्षात आलं की वर कुणीतरी आहे. खर्ज संपता संपता, त्याच्या खूप वर, काचेच्या ग्लासच्या काठावरून ओलं बोट फिरवावं तसा एक स्वर. तो आत्ता आला नव्हता, आधीपासून होता, मी आत्ता तिकडे पोहोचले होते.

मग मी काय केलं, तर आनंदाने तार जोरात छेडली. आणि गेला. तार जोरात ओढली की ती ताणली जाते, ताणली की क्षणभर चढते, चढली की बाकीच्या तारांशी जुळत नाही. हे मला नंतर समजलं. त्या क्षणी फक्त एवढंच दिसलं की मी हात टाकला आणि तो नाहीसा झाला. बाई दारात उभ्या होत्या, हातात मटारचं ताट. काही बोलल्या नाहीत. मी बोटातला जोर काढला, पुन्हा पंचमापासून सुरुवात केली, पाच-सात आवर्तनांनी तो परत आला, आणि या वेळी मी त्याच्याकडे बघितलंच नाही, ठरवून असं नाही, पण जोडीवर लक्ष ठेवून बसले. बाई खाली बसल्या, मटार सोलायला लागल्या. शेंग फुटल्याचा टक् असा आवाज, मग दाणे ताटात. ते सगळं त्या सुरात कुठेच खुपत नव्हतं.

याला आता दोन वर्षं झाली. गाठी विरल्या, स्पीच थेरपी घेतली, जोर न लावता श्वासावर गायला नव्याने शिकले. ऑफिस तेच आहे, अप्रेझलच्या आधी पोटात गोळा अजून येतो, कुणी माझ्या आधी पुढे गेलं की अजून लागतं. इच्छा संपल्या वगैरे मी म्हणणार नाही, खोटं होईल ते. बदललंय ते असं काहीतरी की जोर लागायला लागला की आता मला तो ऐकू येतो. मुलगा १५ वर्षांचा आहे, शाळेतून आला की काय झालं विचारलं तर "काही नाही" म्हणतो. पूर्वी मी त्यावर लगेच तीन प्रश्न टाकायचे. आता कधीकधी त्या "काही नाही" मधला हेलकावा ऐकू येतो, खूप असतो कधी, कधी अगदी थोडा, आणि मी पोळ्या लाटत तिथेच थांबते, दुसरं काही न विचारता. काही वेळा दहा मिनिटांनी तो ओट्यापाशी येऊन उभा राहतो. काही वेळा नाही येत.

आईला मागच्या दिवाळीत तंबोऱ्यापुढे बसवलं. ती ७१ वर्षांची आहे. म्हणाली, आता काय करू शिकून, कुठे गायचंय मला. मी म्हटलं, कुठेच नाही गं, तू फक्त तारा छेड. तिने मधलं बोट पंचमावर ठेवलं आणि अर्धा तास छेडत राहिली, मध्येच सा लावला, थरथरता, पण लागला. माझं राहून गेलं असं म्हणायची तिची सवय आहे, त्या दिवशी म्हणाली नाही.

विशारदचा फॉर्म या वर्षी भरणार आहे. बाई म्हणाल्या भर, का नाही भरायचा.

काल पहाटे बसले. आषाढ, चार दिवस पावसाने डोकं वर काढू दिलेलं नाही, हवेत इतका दमटपणा की खुंट्या फुगून घट्ट झालेल्या, जरा फिरवली की कर्र करून भलतीकडे जायची. माझा तंबोरा नवा आहे, मिरजेहूनच आणलेला, त्याची गवसणी मी जुन्या नऊवारीची शिवलीय. जोड मिळवली तर पंचम उतरला, पंचम चढवला तर खर्ज हलला, पुन्हा जोड, पुन्हा मणी. बाहेर पन्हाळीचं पाणी, दूधवाल्याची बेल, नवऱ्याने दार उघडून घेतलं. केव्हातरी चारही तारा एकत्र आल्या आणि मी छेडत राहिले. मग मोबाइलचा अलार्म वाजला, साडेसहा, म्हणजे वेळ संपली, एक स्वरही गायले नव्हते.

तारांवर हात ठेवला, आवाज थांबेपर्यंत. गवसणी चढवली, नाडी बांधली आणि डबे भरायला गेले.